ब्रिटनमध्ये उपचार सगळ्यांना फुकट?

‘ब्रिटनमध्ये दवाखाना सगळ्यांना फुकट, अमेरिकेत पैसे नसतील तर दारातूनच परत पाठवतात’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. त्यात थोडं खरं असल्यामुळेच तो पटतो.

आधी अमेरिका. तिथल्या १९८६च्या कायद्यानुसार आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला, खिशात पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल मात्र नंतर घरी येतं, आणि ते जबर असू शकतं. लोकांचा खरा राग त्यावर आहे.

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ला सुरू झाली. खर्च मुख्यतः करांतून भागतो. डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत, पण इंग्लंडमध्ये औषधांना शुल्क आहे. वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडमध्ये नाही. इंग्लंडमधली औषधांची हिरवी कागदी चिठ्ठी उलटून पाहा: शुल्कमाफी कुणाला, याची यादी मागेच छापलेली असते. दातांचे पैसे बहुतेक प्रौढांना वेगळे भरावे लागतात.

आपल्याकडच्यांसाठी महत्त्वाचं पुढेच आहे. मुलाकडे किंवा लेकीकडे व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातली तपासणी मोफत मिळते. पण दाखल करून घेतलं की सहसा नेहमीच्या दराच्या दीडपट बिल लागतं. सरकारी संकेतस्थळावर परदेशी पाहुण्यांसाठीचे नियम दिलेले आहेत. तिकीट काढण्याआधी ते वाचा, आणि आईबाबांचा प्रवासविमा कृपया टाळू नका.