नागपुरात घरावर सोलर बसवताय? आधी मीटर कुणाच्या नावावर आहे ते बघा

आमच्या घरी सोलरचं ठरलं तेव्हा आम्ही सुरुवात पॅनलपासून केली. तीन कोटेशन मागवली, कोणत्या कंपनीचं पॅनल किती वॅटचं यावर रोज जेवताना चर्चा झाली, एकाला ॲडव्हान्सही दिला. मग अर्ज भरायला बसलो तर लाईट बिलावर नाव वडिलांचं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. बिल वेळेवर भरत होतो, त्यामुळे नाव बदलायचं कधी सुचलंच नाही. आता मीटर वडिलांचं, आधार माझं, बँक खातंही माझं. नावबदलात दोन महिने गेले आणि तो सगळा उन्हाळा कूलर जुन्याच बिलावर चालले. म्हणून इथे आधी कागद, मग बिल, मग गच्ची आणि शेवटी पॅनल, अशा क्रमाने सांगतो.

योजना कोणासाठी

घरांसाठी केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. देशात एक कोटी घरांचं लक्ष्य आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. अनुदान क्षमतेप्रमाणे मिळतं: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,०००. त्यापुढे ५ बसवा की १०, अनुदान ७८,००० च.

अटी फार नाहीत. अर्जदार भारतीय नागरिक हवा, स्वतःचं घर आणि पॅनल बसतील असं छत हवं, घरगुती वीजजोडणी चालू हवी, आणि त्या घरासाठी आधी सोलरचं दुसरं अनुदान घेतलेलं नको. सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला गच्ची एकट्याची नसते, त्यामुळे सोसायटीची लेखी संमती लागते. ती ठरावानिशी घ्या. तोंडी ‘हो’ म्हणणारे शेजारी पॅनल वर चढताना बदलतात.

ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ योजना वेगळी आहे. पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना. केंद्राच्या ३०,००० वर राज्य भर घालतं, त्यामुळे १ किलोवॅटसाठी दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला स्वतःचे सुमारे २,५०० रुपयेच भरावे लागतात. तुमच्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या मावशींच्या नावावर मीटर असेल तर हे त्यांना नक्की सांगा. ज्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग आहे, त्यांच्यापर्यंतच ही बातमी उशिरा पोचते.

कागद

कागदांची यादी छोटी आहे: आधार, अलीकडचं लाईट बिल (त्यावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक), बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, घराच्या मालकीचा पुरावा, छताचा फोटो, चालू मोबाईल नंबर आणि ई-मेल. अर्ज अडतात ते नावामुळे. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच हवं. बिलावर ‘रामराव’ आणि पासबुकात ‘रामरावजी’ असलं तरी अनुदान जमा होताना अडकू शकतं. थकबाकी असेल तर ती आधी भरून टाका.

मीटर वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करायचा. त्याला मृत्यूचा दाखला, इतर वारसांचं ना-हरकत आणि मालकीचा कागद जोडायचा. बहिणी पुण्याला नाहीतर रायपूरला असतील तर त्यांच्या सह्यांना वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं. मालकीचा पुरावा म्हणून महापालिकेची घरटॅक्स पावती, विक्रीपत्र किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून ठेवा. दक्षिण-पूर्व नागपुरातल्या जुन्या लेआउटमध्ये बऱ्याच जणांकडे नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) असतं. तेही फाईलला लावून ठेवा, कर्ज घ्यायचं असेल तर बँक ते मागेल.

किती किलोवॅट? मे महिन्याच्या बिलावरून ठरवू नका

सर्वसाधारण हिशेब असा की १ किलोवॅट दिवसाला सुमारे ४ युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. दर किलोवॅटला छतावर १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. योजनेचा अंदाज: १५० युनिटपर्यंत १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० ला २ ते ३, आणि त्याहून जास्त वापराला ३ च्या वर.

पण नागपूरचं बिल वर्षभर सारखं नसतं. समजा एका घरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याला १४० युनिट, मार्चमध्ये २६०, एप्रिलमध्ये ४००, मे ४५०, जून ३८०, आणि जुलै ते ऑक्टोबर २०० च्या आसपास लागतात. विक्रेत्याला मेचं बिल दाखवलं तर तो ४ किलोवॅट सांगेल. वर्षाची बेरीज केली तर २,८५० युनिट होतात, आणि २ किलोवॅट वर्षाला साधारण तेवढेच देतो.

मग २ किलोवॅट पुरे का? इथे नेट मीटरचा नियम समजून घ्यावा लागतो. दिवसा तुम्ही जास्तीची वीज महावितरणच्या लाइनवर सोडता, रात्री तिकडून घेता, आणि बिल दोन्हींच्या फरकाचं येतं. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात. पण हे खातं ३१ मार्चला बंद होतं. तोवर उरलेले युनिट महावितरण राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या कमी दराने विकत घेते आणि १ एप्रिलला शिल्लक शून्यापासून सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत कूलर बंद असतात, आकाश निरभ्र असतं, युनिट साठतात. ते कामी येतील अशा एप्रिल-मेच्या तोंडावरच खातं कोरं होतं. आपल्याकडच्या ग्राहकाने ही गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण मुंबईच्या हवेत उन्हाळा-हिवाळ्याच्या बिलात इतका फरक पडत नाही.

वरच्या घराला २ किलोवॅट बसवला तर एप्रिल ते जून मिळून पाचशेच्या आसपास युनिट विकत घ्यावे लागतील आणि मार्चअखेर साठलेले साधारण तेवढेच कमी दराने जातील. माझं मत: घरात एसी येणार असेल, इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर ३ किलोवॅट घ्या. तिसऱ्या किलोवॅटवर १८,००० मिळतात आणि उन्हाळ्यात तो वरच्या स्लॅबचे, म्हणजे महागडे युनिट वाचवतो. नवरा-बायको दोघंच, एक कूलर, वापर वाढणार नाही, अशा घरी २ वर थांबा. ४-५ किलोवॅट घेऊन हिवाळ्याची वीज स्वस्तात देण्यात घरगुती ग्राहकाचा फायदा नाही.

बिल शून्य होतं असं कोणी सांगितलं तर स्थिर आकार तरी येतोच हे लक्षात ठेवा. आणखी एक, ४५ अंशांत पॅनल जास्त वीज देतं हा गैरसमज आहे. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको. मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. म्हणजे १२ ते १६ टक्के कपात. छताला चिकटवून बसवण्यापेक्षा खालून हवा खेळेल अशी उंच मांडणी यासाठी बरी. शिवाय गच्चीवर कुरडया-पापड वाळवायला आणि रात्री अंथरुण टाकायला जागा राहते.

गच्ची: सावली डिसेंबरची मोजा

नागपूर २१ अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास, म्हणजे नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो तेव्हा, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली पायातच पडते. त्या दिवसांत पाहणीला आलेला माणूस ‘कुठेच सावली नाही’ म्हणेल आणि ते खरंही असेल. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र ऐन दुपारी सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते, आणि तीनच्या सुमारास जवळजवळ दुप्पट. पाच फुटांच्या टाकीची सावली तीन वाजता साडेनऊ फूट. एका पॅनलवर सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्या पॅनलचं उत्पादन खाली येऊ शकतं. जिन्याची टोपी, टाकी आणि शेजाऱ्याची भिंत यांची उंची टेपने मोजा आणि त्यांच्या डिसेंबरच्या सावलीएवढं अंतर सोडून मांडणी करायला सांगा. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण अक्षांशाएवढा.

स्लॅबला भोकं पाडणार असतील तर वॉटरप्रूफिंग कोण करणार ते करारात लिहून घ्या. डीसी (पॅनलची बाजू), एसी (घरच्या लाइनची बाजू) आणि तडितरोधक (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा) यांची अर्थिंग वेगवेगळी, म्हणजे तीन हवीत. दोनमध्ये भागवणारे असतात, मोजून घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडच्या वस्त्यांत राख बसते, तिथे दर आठवड्याला धुवावं लागतं. धुवायचं सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं जड पाणी तसंच वाळू दिलं की पांढरे डाग राहतात.

सिस्टीमचे प्रकार तीन. ऑन-ग्रिड लाइनला जोडलेली असते. लाइन गेली की तीही बंद पडते, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाचा प्रश्न असतो. ऑफ-ग्रिड फक्त बॅटरीवर चालते, तिला हे अनुदान नाही. हायब्रिडमध्ये लाइनही आणि बॅटरीही, पण बॅटरीचा खर्च सगळा तुमचा. शहरात लाइन फारशी जात नसेल तर ऑन-ग्रिड घ्या आणि घरातला जुना इन्व्हर्टर तसाच राहू द्या.

अर्ज

पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर राज्य, वितरण कंपनी म्हणून महावितरण, आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो, आणि मंजूर भार (तुमच्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट) वाढवायचा असेल तर तेही काम महावितरणने करायचं आहे. मग पोर्टलवरच्या यादीतला विक्रेता निवडा. यादीबाहेरच्याकडून बसवलं तर अनुदान विसरा. पॅनल भारतीय सेलपासून भारतात बनवलेली, ज्यांना बाजारात ‘डीसीआर’ म्हणतात तीच लागतात. ती साध्या पॅनलपेक्षा महाग असतात, म्हणून काही जण कोटेशन डीसीआरचं देतात आणि माल दुसरा आणतात. प्रत्येक पॅनलमागचा सिरीयल नंबर प्रमाणपत्राशी स्वतः ताडून बघा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये तो वेगळा दाखवायला सांगा. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याची जबाबदारी आहे, ती करारात असलीच पाहिजे.

बसवून झालं की नेट मीटरसाठी अर्ज होतो, महावितरणचे लोक येऊन तपासतात, मीटर लावतात आणि कार्यान्वित झाल्याचा अहवाल पोर्टलवर चढतो. त्यानंतर बँक तपशील भरायचा. अनुदान साधारण ३० दिवसांत तुमच्या खात्यात येतं. म्हणजे पूर्ण रक्कम आधी तुम्हालाच उभी करावी लागते. त्यासाठी ३ किलोवॅटपर्यंत दोन लाखांचं विनातारण कर्ज सरकारी बँका देतात. त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला असतो आणि वैयक्तिक कर्जाहून बराच कमी पडतो. जनसमर्थ पोर्टलवरून अर्ज करता येतो.

दुकान, कारखाना

व्यावसायिक जोडणीला हे अनुदान नाही. खाली दुकान, वर घर आणि दोन मीटर असतील तर अनुदान घरच्या मीटरवरच. तरी दुकानदाराचे पैसे लवकर वसूल होतात, कारण त्याचा युनिटचा दर घरापेक्षा महाग असतो आणि वीज तो दिवसाच वापरतो. क्षमता मंजूर भाराच्या आत ठेवावी लागते. आयकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो, पण सिस्टीम त्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापरात असेल तर निम्माच. म्हणून बुटीबोरी-हिंगण्याच्या शेडवर बसवायचं असेल तर सप्टेंबरच्या आत सुरू होईल असं बघा. सीताबर्डी-इतवारीत भाड्याचा गाळा असेल तर घरमालकाची लेखी संमती आधी घ्या, आणि टिनाच्या छताला तो भार पेलतो का हे अभियंत्याकडून तपासून घ्या.

पहिलं बिल

नेट मीटर लागल्यावर पहिल्या बिलात आयात, निर्यात आणि शिल्लक असे तीन आकडे बघा. मीटरच्या पडद्यावरचे आकडे दर महिन्याच्या एकाच तारखेला मोबाईलने फोटो काढून ठेवा. निर्यात शून्य दिसत असेल तर महिनाभर थांबू नका, उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मार्चचं बिल वेगळं काढून ठेवा. उरलेल्या युनिटचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले की नाही, ते त्यावरूनच कळेल.