हजेरीपट (मस्टर)

आस्थापनेतील प्रत्येक कामगाराची रोजची उपस्थिती, रजा, साप्ताहिक सुट्टी व जादा काम नोंदवणारी वही. बोलीत 'मस्टर', सरकारी कागदांत 'हजेरीपट' किंवा 'हजेरीपत्रक'. पगाराचा हिशेब हिच्यावरून होतो. वाद न्यायालयात गेला की मालकाची भिस्तही हिच्यावरच असते.

'हजेरी' हा शब्द अरबी 'हाझिर'वरून फारसीमार्गे आला. 'मस्टर'च्या दोन वाटा दाखवता येतात. पोर्तुगीज 'मोस्त्रा' म्हणजे नमुना. त्यावरून हिंदुस्थानातील इंग्रज व्यापारी मालाच्या मासल्याला 'मस्टर' म्हणत. दुसरी वाट लष्करी, म्हणजे शिपायांची मोजणी व त्यांचा पट. दोहोंचे मूळ लॅटिनमधील 'दाखवणे' या अर्थाच्या धातूत आहे. मराठीतील अर्थ माणसांच्या मोजणीचा असल्याने शब्द बहुधा लष्करी इंग्रजीतूनच आला असावा.

मुंबईच्या गिरण्यांत मस्टरवर नाव चढणे म्हणजे कायम होणे, बाकीचे बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरते घेतलेले. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. त्यानुसार महिन्याच्या आरंभी निवडक बदलींना कार्ड मिळे व कार्डधारकाने रोज दारात हजर राहायचे. जॉबरच्या (कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या) मर्जीवर चालणाऱ्या भरतीला आळा घालणे हा तिचा हेतू होता.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार १२ महिन्यांत २४० दिवस काम भरले की कामगाराची वर्षाची सेवा सलग धरली जाई (कलम २५-बी) आणि नोटीस व भरपाईवाचून त्याला कामावरून कमी करता येत नसे (२५-एफ). ले-ऑफच्या (काम नसल्याने कामगारांना तात्पुरते बसवून ठेवण्याच्या) काळातही मस्टर ठेवणे मालकावर बंधनकारक होते (२५-डी). हे २४० दिवस सिद्ध कोणी करायचे, हा खरा वादाचा मुद्दा. रेंज फॉरेस्ट ऑफिसर विरुद्ध हदिमनी (२००२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भार कामगारावर टाकला. केवळ त्याचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले नाही. येल्लट्टी प्रकरणात (२००५) भार कामगारावरच राहिला, पण रोजंदारीवरच्या माणसाकडे नियुक्तिपत्र वा पगारपावती सहसा नसते, हे न्यायालयाने लक्षात घेतले. त्याने साक्ष द्यावी, मालकाकडून मस्टर मागवावे. मालकाने ते आणले नाही म्हणून आपोआप त्याच्याविरुद्ध निष्कर्ष निघत नाही, तो प्रकरणागणिक ठरतो. फिशरीज टर्मिनल डिव्हिजन विरुद्ध चावडा (२००९) या निर्णयात कामगाराच्या साक्षीनंतर भार मालकाकडे सरकतो, असे म्हटले आहे. ही नंतरची भूमिका अधिक न्याय्य वाटते: वही ज्याच्या कपाटात आहे, त्यानेच ती उघडली पाहिजे.

वहीतले नाव गाळल्यानेही मालकाची सुटका होत नसे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १०३ नुसार काम चालू असताना कारखान्यात आढळलेली व्यक्ती, जेवणाची सुट्टी वगळता, उलट सिद्ध होईपर्यंत कामावर असल्याचे मानले जाई.

मस्टरचा भरवसा त्याच्या पानावरच दिसतो. आडव्या ओळीत नाव, पुढे १ ते ३१ रकाने. 'ह', 'गै', सुट्टीची लाल खूण. चूक झाल्यास एकच रेघ मारून शेजारी बरोबर नोंद, तारीख व छोटी सही करावी, म्हणजे खालची मूळ नोंद वाचता येते. ब्लेडने खरवडलेला किंवा व्हाइटनर लावलेला रकाना उलटतपासणीत मालकावरच उलटतो. महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेले पान एकाच पेनाच्या एकसारख्या शाईवरून ओळखू येते. इशारापत्र, रजेचा अर्ज, पगारपावती यांवरील तारखा मस्टरशी जुळल्या नाहीत, तर त्या कागदांचेही वजन घटते.

बायोमेट्रिक हजेरीला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा नियम लागतो. खोतकर विरुद्ध गोरंट्याल (२०२०) या जालन्याच्या निवडणूक खटल्यात मूळ यंत्र हजर नसल्यास इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत तिच्याविषयीचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या व नियुक्तिपत्र सर्वांना देणे आवश्यक झाले.

वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये नोंदवह्या शेवटच्या नोंदीनंतर ३ वर्षे जपण्याची अट होती. ही मुदत तोकडीच म्हणावी लागेल. १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांची म्हाडाच्या घरांसाठी पात्रता ठरवताना तिकीट क्रमांक (गिरणीतला कामगाराचा ओळख क्रमांक), सेवा प्रमाणपत्र, पगारपावती असे कागद काही दशकांनी मागितले गेले, आणि ते शोधण्याची धावपळ अनेकदा वारसांच्या वाट्याला आली.