किंग्ज गॅम्बिट आणि व्हिएन्ना गॅम्बिट: एफ४ तेच, धोका वेगळा

रौनक साधवानी, दिव्या देशमुख यांच्यासारखे ग्रँडमास्टर दिलेल्या नागपुरात बुद्धिबळ आक्रमक खेळायची हौस असलेल्या मुलांची कमी नाही. पण एका गॅम्बिटची (म्हणजे डावाच्या सुरुवातीला प्यादं देऊ करून आक्रमण करण्याच्या पद्धतीची) पाठ केलेली चाल दुसऱ्यात खेळली, की पाचव्या चालीलाच हत्ती जातो.

किंग्ज गॅम्बिट म्हणजे १. ई४ ई५ २. एफ४. व्हिएन्नात आधी २. घोडा सी३ घोडा एफ६, मग ३. एफ४.

बहुतेक जण सी३ वरचा घोडा बघतात. बघायचा तो काळ्याचा, एफ६ वरचा. डी८ वरून एच४ वर जाणारी वजिराची वाट तो अडवून धरतो.

किंग्ज गॅम्बिटमध्ये ती वाट मोकळी असते. २...डी५ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) झाल्यावर ई५ चं प्यादं मारलंत, की वजीर एच४ वर शह. ४. जी३ खेळलात तर वजीर ई४ चं प्यादं मारून पुन्हा शह देतो आणि एच१ चा हत्तीही त्याच्या माऱ्यात येतो. राजा ई२ वर नेणं त्याहून वाईट. म्हणून इथे डी५ चं प्यादं मारा. व्हिएन्नात मात्र ३...डी५ ला ४. एफ×ई५, म्हणजे एफच्या प्याद्याने ई५ मारणं, हीच मुख्य चाल! काळ्याच्या घोड्याने ई४ मारलं की वाट उघडते, तेव्हा ५. घोडा एफ३ खेळा.

काळ्याने एफ४ चं प्यादं घेतलं तर? किंग्ज गॅम्बिटमध्ये ते घेणं रास्त आहे. ३. घोडा एफ३ जी५ ४. एच४ जी४ ५. घोडा ई५ अशाच डावात बोरिस स्पास्कीने १९६० साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे बॉबी फिशरला हरवलं; दोघंही पुढे विश्वविजेते झाले. पुढच्या वर्षी फिशरने ३...डी६ सुचवलं, कारण मग घोड्याला ई५ चं घर मिळत नाही. व्हिएन्नात तेच प्यादं घेणं चूक आहे: ४. ई५ झालं की एफ६ च्या घोड्याला जी८ वर परतण्यावाचून चांगलं घर उरत नाही. ४...वजीर ई७ ला ५. वजीर ई२, घोडा तरीही मागेच.

व्हिएन्नात काळ्याने एफ६ ऐवजी २...घोडा सी६ खेळल्यावर एफ४ खेळणाऱ्यांनी जपावं. एफ६ रिकामं आहे; प्यादं घेतल्यावर ४. घोडा एफ३ हवंच. ४. डी४ खेळलात तर वजीर एच४ शह, ५. राजा ई२, कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल, जिने राजा सुरक्षित होतो) गेलं. पहिले विश्वविजेते श्टाइनिट्झ हे मुद्दाम खेळत. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावात, आम्ही ते कुणालाही सुचवणार नाही.