मोबाइल रात्री कुठे झोपतो?

‘दहावी होऊ दे, मग बघू.’ हे वाक्य पूर्वी सायकलीसाठी होतं, मग स्कूटीसाठी आलं, आता मोबाइलसाठी आहे. गंमत अशी, की दहावी होईपर्यंत आईच्या मोबाइलचा पासवर्ड लेकालाच जास्त पाठ असतो. मग ‘स्वतःचा’ मोबाइल हातात आल्याने नेमकं काय बदलतं?

घाबरवणाऱ्या बातम्या क्षणभर बाजूला ठेवू. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची सर्वेक्षणं तपासली. मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. त्याच माहितीत चष्मा लावण्याचा संबंध याहून वाईट निघाला, आणि नेहमी बटाटे खाण्याचा जवळपास तितकाच वाईट. म्हणून काही कुणी वडापाववर बंदी मागितली नाही.

अर्थात सरासरीचं असं असतं, की एकाला ताप आणि दुसऱ्याला हुडहुडी, दोघे मिळून ठणठणीत. रात्री अकराला वर्गाच्या ग्रुपवर स्वतःची टिंगल वाचणारी मुलगी आणि गणिताचे व्हिडिओ पाहणारा मुलगा, दोघांचे तास या हिशेबात सारखेच मोजले जातात. शिवाय मोबाइलमुळे मूल उदास होतं, की उदास मूल मोबाइलकडे वळतं, हे अशा सर्वेक्षणातून कळत नाही.

झोपेचं गणित मात्र बरंच स्पष्ट आहे. वयात येताना मेंदूतलं घड्याळ उशिरा चालू लागतं. अंधार पडल्यावर पीनियल ग्रंथीतून पाझरणारं मेलाटोनिन शरीराला रात्र झाल्याचं सांगतं. किशोरवयात ते लहानपणापेक्षा उशिरा पाझरू लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलं. म्हणजे अकरा वाजता टक्क जागा असलेला नववीतला मुलगा दरवेळी हट्टीच असतो असं नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि सकाळची शाळा सातला भरते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नये असं सांगितलं खरं, पण ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं, ती मोठी मुलं राहिलीच.

उशिरा चालणाऱ्या या घड्याळाला मोबाइल आणखी ढकलतो. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या एका वेगळ्या प्रकारच्या पेशी असतात. २००२ मध्ये त्यांची ओळख पटली. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. निळसर प्रकाश दिसला की त्या मेंदूतल्या घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात. पण सगळं खापर निळ्या प्रकाशावर फोडू नये. झोपण्याआधी चार तास झगझगीत टॅबलेटवर वाचणाऱ्या १२ तरुणांचा अमेरिकेत अभ्यास झाला. कागदी पुस्तक वाचण्याच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटंच जास्त लागली. स्क्रीन पिवळी करून किंवा खास चष्मा विकत घेऊन वाचतील ती एवढीच मिनिटं.

झोपेची खरी चोरी मजकूर करतो. पुस्तकाचं प्रकरण संपतं, रील संपत नाही. लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठात ३२ किशोरवयीन मुलांना स्कॅनरमध्ये झोपवून फोटो दाखवले गेले. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक मिळालेले दिसले, की मेंदूतला बक्षिसाला दाद देणारा भाग जास्त उजळायचा. कधी येतील, किती येतील याचा नेम नसलेलं हे बक्षीस उशाशी ठेवून झोप लागायची कशी?

आईचा मोबाइल रात्री आईकडे परत जातो. स्वतःचा उशीखाली जातो. मालकीने घडणारा सगळ्यात मोठा फरक मला तरी हाच वाटतो.

म्हणून द्यायचाच नाही, असं मी म्हणणार नाही. मुलींच्या बाबतीत तर नाहीच. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा मोबाइल होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. प्रवेशाचा फॉर्म भरायला किंवा पाळीबद्दलची शंका विचारायला तिला भावाचा मोबाइल मागावा लागतो, ही काही मेंदूची काळजी नव्हे. मोबाइल द्यावा, चार्जर मात्र हॉलमध्ये असावा, आणि त्याच प्लगशेजारी आईवडिलांचेही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये गावापुरता उपाय काढला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला, की टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. दीड तासाने ते पुन्हा सुरू करायची मुभा. पंधरा वर्षांच्या मुलाचं मेलाटोनिन तेव्हा अजून जागं व्हायचं असतं.