होम इन्शुरन्स इमारत, शिकागो

होम इन्शुरन्स इमारत : अमेरिकेच्या शिकागो शहरातील कार्यालयीन इमारत. ला सॅल व ॲडम्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ती उभी होती. वास्तुशिल्पज्ञ विल्यम ल बॅरन जेनी (१८३२–१९०७). बांधकाम १८८४-८५. सुरुवातीला १० मजले, उंची सु. ४२ मी.; १८९१ च्या सुमारास आणखी २ मजले चढवले गेले. १९३१ मध्ये फील्ड बिल्डिंगसाठी ती पाडण्यात आली.

‘पहिली गगनचुंबी इमारत’ ही तिची ख्याती एकाच प्रश्नावर टिकून आहे : मजल्यांचा भार धातूच्या सांगाड्यावर होता की भिंतींवर? विमा कंपनीला भरपूर उजेडाच्या खोल्या हव्या होत्या, म्हणजे खिडक्या रुंद आणि त्यांमधले खांब बारीक. जेनीने रस्त्याकडील दर्शनी खांबांच्या विटकामात बिडाचे स्तंभ दडवले. तुळया सहाव्या मजल्यापर्यंत घडीव लोखंडाच्या व त्यावर बेसेमर पोलादाच्या (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून बनवलेल्या पोलादाच्या) होत्या. तळाला मात्र ग्रॅनाइटचे दणकट खांब होते आणि मागच्या सामाईक भिंती जुन्या पद्धतीच्या, भार वाहणाऱ्याच होत्या. पक्ष्याच्या पिंजऱ्यावर ठेवलेले जाडजूड पुस्तक पाहून जेनीला सांगाडा सुचला, ही केवळ आख्यायिका होय.

उभ्या इमारतीत हे स्तंभ दिसत नव्हते. पाडकामात विटा उतरल्या तेव्हा सांधे उघडे पडले आणि वादाला प्रथमच प्रत्यक्ष पुरावा मिळाला. तो पाहण्याची संधी त्या एकदाच होती. शिकागोचे व्यापारी मार्शल फील्ड यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी नेमलेल्या, वास्तुशिल्पज्ञ टॉमस टॉलमॅज यांच्या समितीने अग्रमान जेनीला दिला. अभियंत्यांच्या वेस्टर्न सोसायटीच्या समितीने तेच लोखंड पाहून हात आखडता घेतला : दर्शनी दगडविटकामही भार पेलत होते, त्यामुळे हा पूर्ण सांगाडा नव्हे. वास्तुकलेचे अभ्यासक जेराल्ड लार्सन व रूला जेरानिओटिस यांनी १९८७ मध्ये हीच बाजू अधिक तपशिलाने मांडली. वाऱ्याचा आडवा जोर पेलण्याची स्वतंत्र योजना सांगाड्यात नव्हती, हे ध्यानात घेता हे मत अधिक ग्राह्य वाटते. सांगाडा-रचना टप्प्याटप्प्याने घडली आणि ही इमारत त्यातला मोठा टप्पा होती. तिचे मोल त्याने उणे होत नाही.

फील्ड बिल्डिंग १९३४ मध्ये पूर्ण झाली, मजले ४५. तिच्या दालनातील स्मृतिफलकावर पहिलेपणाचा मान जेनीच्या इमारतीलाच दिलेला आहे.