मामी वाटाचे चित्र: हॅम्बुर्ग, बॉनी आणि मुंबई

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत मामी वाटा या जलदेवतेची उपासना आजही चालते. ती रूपवती आहे, धन देणारी आहे आणि कोपली तर बुडवणारीही आहे. आरसा आणि कंगवा या तिच्या नेहमीच्या खुणा. जलदेवतांवरची श्रद्धा मात्र तिथे युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीची आहे. नायजर नदीच्या मुखाकडील कलाबारी लोकांच्या जलदेवतांचे लाकडी मुखवटे नर्तकाच्या डोक्यावर आडवे बसवले जातात, त्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या जीवासारखे ते आकाशाकडे पाहतात. पंधराव्या शतकात पोर्तुगीज आले, त्यांच्यासोबत मत्स्यकन्येची आकृतीही आली आणि सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरील सापी कारागिरांनी पोर्तुगीजांसाठी घडवलेल्या मीठ ठेवण्याच्या हस्तिदंती भांड्यांवर ती कोरली गेली.

आज सर्वत्र ओळखले जाणारे मामी वाटाचे रूप मात्र एका छापील चित्रातून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्गमधील फ्रीडलेंडर यांच्या छापखान्याने सर्पनृत्य करणाऱ्या एका स्त्रीचे रंगीत शिलाछापील चित्र काढले. मोकळे दाट केस, अंगाभोवती नाग आणि थेट समोर रोखलेली नजर, असे ते चित्र नायजेरियाच्या किनाऱ्यावर पोहोचले, आणि 1901 मध्ये बॉनी येथे जे. ए. ग्रीन यांनी काढलेल्या छायाचित्रातील शिरोभूषणावर तीच स्त्री लाकडात कोरलेली दिसते.

पुढचा दुवा मुंबईचा आहे. 1955 च्या सुमारास आजच्या घानातील कुमासी येथील व्यापाऱ्यांनी, जे बहुधा भारतीयच होते, या चित्राची एक प्रत मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीकडे पाठवली. कंपनीने त्याच्या 12,000 प्रती छापून परत धाडल्या आणि त्यानंतर ते चित्र पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांत अधिकच पसरले. भारतीय व्यापाऱ्यांमार्फत आपल्या देवदेवतांची चित्रेही तिकडे गेली. त्यांपैकी तीन शिरांच्या दत्तात्रेयात टोगोमधील एवे उपासकांना त्यांचा जलदेव डेन्सू दिसला; ज्या रूपापुढे महाराष्ट्रात औदुंबराखाली हात जोडले जातात, तेच रूप तिथल्या देवघरांच्या भिंतींवरही रंगवले गेले. याला उसनवारी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण कोणते चित्र घ्यायचे, त्यातला कोणता तपशील अर्थपूर्ण मानायचा आणि त्यापुढे काय अर्पण करायचे, हे उपासकांनी व कारागिरांनी आपल्या श्रद्धेच्या आधारे ठरवले.

अटलांटिकपलीकडे गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी आपले जलदेव सोबत नेले. हैतीमध्ये व्होडू या तिथल्या धर्माच्या, टिकल्यामण्यांनी मढवलेल्या ध्वजांवर लासिरेन ही मत्स्यकन्या येते; ब्राझीलमधील साल्वादोर येथे 2 फेब्रुवारीला येमांजासाठी फुलांच्या टोपल्या समुद्रात सोडतात. या देवता मामी वाटापासून निघालेल्या नाहीत. विशेषतः येमांजाचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या येमोजा या देवतेत आहे, त्यामुळे सर्वांना एकाच नावाखाली गोळा करणे चुकीचे ठरते. हॅम्बुर्गच्या चित्रातील सर्पधारिणी मात्र त्या किनाऱ्यावरही पोहोचली: डोमिनिकन प्रजासत्ताकात ती सांता मार्ता ला डोमिनादोरा या नावाने पूजली जाते.