मोड (सोन्याची)

जुना दागिना सोनाराला देऊन, त्याच्या किमतीत रोख रक्कम किंवा जादा सोन्याची भर घालून, अधिक वजनाचा अथवा अधिक कसाचा दागिना घेण्याची पद्धत. दिलेल्या जुन्या सोन्यालाही मोडच म्हणतात. कोकण किनाऱ्यावर, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत, लग्नसराईत ही देवघेव सर्रास चालते.

मोडीचा हिशेब करताना मणी, खडे व पोटातील लाख वजा करतात. कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेला तेजाब (आम्ल) लावून ती ठाऊक कसाच्या रेघेशी ताडतात. पक्का कस मात्र सोने आटवल्यावरच कळतो, कारण डागाच्या (झाळकामाच्या) जोडामुळे जुन्या घडणीचा कस उतरलेला असतो. अठरा कॅरटच्या १० ग्रॅम मोडीचे बावीस कॅरटमध्ये, घट न धरताही, सुमारे ८.२ ग्रॅमच भरतात. जुनी मजुरी बुडते आणि नवी वर द्यावी लागते.

मोडीत येणाऱ्या जिनसांपैकी पुतळ्यांच्या माळेचा विचार वेगळा करावा लागतो. पुतळी हे मुळात व्हेनिसचे डुकाट हे नाणे, असे एक मत आहे. माळांमधील मानवाकृती नाणी एतद्देशीय परंपरेतूनच आली, असे दुसरे. डुकाट १२८४ पासून पाडले जाई. त्याचे वजन सुमारे ३.५ ग्रॅम असून ते जवळजवळ शुद्ध सोन्याचे होते. तांबड्या समुद्राच्या आणि इराणी आखाताच्या व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. त्यावरील संत मार्क व गुडघे टेकलेला डोज (व्हेनिसचा शासक) या जोडीत इकडे राम-सीता पाहिली गेली असावी. सतराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास रचलेल्या मराठी बखरीत खजिन्यातील नाण्यांमध्ये पुतळ्या येतात. नाण्याचे वजन आणि आकृत्यांची मांडणी पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र डुकाटाच्या नकला भारतातही पाडल्या गेल्या, आणि अलीकडच्या पुतळ्या बहुधा पातळ पत्र्यावर ठसा उठवून केलेल्या असतात. म्हणून माळेतील अस्सल नाणे बावीस कॅरटच्या भावाने, वजनास वजन, मोडीत देणे तोट्याचे ठरते. कसोटीवर प्रत्येक पुतळी वेगळी घासून पाहणारा सोनार हा फरक दाखवू शकतो. माळ एकत्र तोलली की फरक लपतो.

१९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने नव्या घडणीवर चौदा कॅरटची मर्यादा आणली होती. पुढे झालेला सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्क सराफाने विकलेल्या दागिन्यांना लागू असून, ग्राहक हॉलमार्क नसलेली जुनी मोडही देऊ शकतो.